मिमीले घेऊन जा गे मारबत

सोनिका राईची जीभ नागपूरच्या अख्ख्या जरीपटक्यात नावाजलेली होती. बाजारात आईच्या गाऊनच्या ठेल्यावर ती शाळेत असल्यापासून बसायची, आणि नुसता भाव विचारून पुढे निघालेल्या बाईला चार वाक्यांत मागे फिरवायची. "पाहून तं जा वं मावशी, पाहाले पैसे नाही लागत. हा रंग तुमच्यावर असा खुलीन का शेजारीण जेवणार नाही." मावशी हसायची, आणि हसली की फसलीच. हसलेली बाई रिकाम्या पिशवीनं घरी जात नाही, हे सोनिकाच्या आईचं, मायाबाईंचं, धंद्याचं शास्त्र होतं, आणि लेक ते कोळून प्यायली होती.

जीभ आईची, चेहरा मात्र बापाचा. बाबा दार्जिलिंगकडचे, फौजेतले. कामठीला बदली होऊन आले, जरीपटक्याच्या मायाशी सूत जमलं आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. लग्नाच्या बोलण्यांत सोनिकाच्या आजीनं होणाऱ्या जावयाला एकदा नीट न्याहाळलं, मग भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोळे तं सारखेच आहेत. होऊन जाऊ द्या." आजीपुरता प्रश्न तिथंच मिटला. बाकीच्या नागपूरचा काही मिटला नाही. शाळेत सोनिका 'चिंकी' होती, कॉलेजात 'मोमो'. ऑटोवाला तिच्याशी हिंदीत बोलायचा, ती वऱ्हाडीत घासाघीस करायची, आणि तो बिचारा धक्क्यानंच पाच रुपये सोडून द्यायचा.

मग घरोघरी कोरियाच्या मालिका सुरू झाल्या. ज्या पोरींनी तिला मोमो म्हणून पिडलं होतं, त्याच लाडीगोडी लावत जवळ यायला लागल्या. "चेहऱ्याले काय लावते वं तू? किती क्यूट दिसते!" काल मोमो, आज क्यूट. चेहरा तोच, त्याच्यावर लावलेला साबणही तोच. ही बढती म्हणायची की बदली, हे सोनिकाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिला क्यूट व्हायचंच नव्हतं. तिला गादी हवी होती.

गादी म्हणजे गांधीबागेच्या कापडबाजारातल्या चंपतराव बोकडेंच्या दुकानातली गादी. पांढरीशुभ्र चादर, मागे लोड, समोर कापडाच्या थानांचे डोंगर. तिथं बसून माल उलगडायचा, तो हवेत असा फेकायचा की कापड गिऱ्हाईकाच्या मांडीवर अलगद येऊन पडावं, आणि तोंडाचा पट्टा थांबू द्यायचा नाही. कपडे बायकांचे, घेणाऱ्या बायका, आणि गादीवर मात्र बसलेले सगळे मिशाळ बाप्ये, अशी बोकडेंच्या घराण्याची रीत होती. ब्लाउजपीसाला किती कापड लागेल हे एखादी बाई लाजत सांगायची आणि मिशीवाला ते ओरडून आत कळवायचा. हे सोनिकाला पाहवत नसे. ठेल्यावर ऊन खात विकणं वेगळं आणि गांधीबागेच्या गादीवर बसून विकणं वेगळं, हे कापडाच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून ती सरळ जाऊन चंपतरावांपुढे उभी राहिली. चंपतराव नुसते ऐकत राहिले आणि दहा मिनिटांत स्वतःच्याच दुकानातला शालू घरी न्यायला तयार झाले. "पोरगी मोठी फाकडी आहे," असं ते म्हणत होते, तेवढ्यात त्यांचे चिरंजीव विहंग आत आले. त्यांनी सोनिकाला पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाले, "परफेक्ट!"

विहंगरावांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते पुण्याहून एमबीए करून आले होते आणि येताना भाषा धुऊन, इस्त्री करून आणली होती. घरात आई 'जेवून राहिला का रे' म्हणाली तरी यांच्या कपाळावर आठी पडायची. दुकानाला आता 'कॉन्सेप्ट' हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. वरच्या मजल्याला गुलाबी रंग फासून त्यांनी 'कोको कवाई' नावाचं दालन काढलं. झालरीचे फ्रॉक, सशाच्या कानांच्या टोप्या, अस्वलाच्या पिल्लांचे मोजे, बाही अशी लांब की हातांची बोटं फक्त पाहुण्यासारखी बाहेर यावीत. कवाई म्हणजे गोंडस; शब्द जपानचा, फॅशन म्हणे कोरियाची आणि माल सुरतेच्या ट्रान्सपोर्टनं उतरायचा. विहंगरावांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यांच्या नकाशात हिमालयापलीकडे एकच देश होता, आणि त्यातले सगळे लोक बुटके, गोरे आणि लाजरे होते.

"दसऱ्यापर्यंत तू आपल्या दालनाचा चेहरा," विहंग म्हणाला. "नाव मिमी. फक्त एक अट. बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"तू तोंड उघडलंस की कोरिया संपला. नुसतं हसायचं, तेही बाही तोंडावर धरून."

"अन् गादी?" सोनिकानं चंपतरावांकडे पाहून विचारलं.

"दसऱ्याले," चंपतराव म्हणाले. "पोरगं म्हणते तसं कर तवापर्यंत. दसऱ्याच्या मुहूर्तावर तुले गादीवर मीच बसवतो. जबान देली."

जिच्या पोटात वाक्यं मावत नसत, तिनं जिभेला कुलूप घातलं. विहंगनं तिला पाय आत वळवून उभं राहायला शिकवलं. मान एका बाजूला कलती, डोळे मोठे, गालांवर गुलाबी गोल. काही विचारलं तर अंगठा आणि बोट जुळवून बदाम करायचा. गिऱ्हाइकं येऊन तिच्याबरोबर फोटो काढायची आणि तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायची. "इले समजते का वं मराठी?" "छ्या! ते लोक नुसतं भात खातेत अन् लाजतेत." सोनिका बाही तोंडावर धरायची, कारण आत दात आवळलेले असायचे. एका बाईनं तिचा गाल ओढला. एका कॉलेजकुमारानं तिला सावकाश, मोठ्या आवाजात 'नमस्ते' शिकवलं.

एकदा शोभाताई आल्या. महाल भागातलं जुनं गिऱ्हाईक, नातीच्या वाढदिवसाचा फ्रॉक घ्यायला. त्यांनी मिमीला खालून वर आणि वरून खाली पाहिलं.

"पाय आत. मान खाली. हात झाकलेले. आवाज नाही," त्या म्हणाल्या. "हे काय आहे गा, चंपतराव?"

"फॅशन आहे, शोभाताई. क्यूट म्हणतेत त्याले. फॉरेनची."

"फॉरेनची कायची? हे तं मी सासरी गेल्यापासून सासू जाईपर्यंत केलं. तवा कोणी क्यूट नाही म्हटलं बाप्पा. तवा त्याले वळण म्हणत."

सोनिकाच्या बाहीआडून फुर्रकन हसू फुटलं. शोभाताईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं, पण मिमीनं लगेच बोटांचा बदाम केला. चंपतराव मात्र गंभीरपणे मान डोलावत होते. सुनांनी असंच राहावं हे त्यांचंही जुनं मत होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी गुलाबी रंगाचा खर्च कशाला, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

दुकान रिकामं असलं की विहंग कधीकधी तिच्याशी माणसासारखा बोलायचा. अशाच एका दुपारी त्यानं पुण्याची गोष्ट सांगितली. होस्टेलच्या पहिल्या दिवशी तो कुणाला तरी "मी जेवण करून राहिलो" म्हणाला आणि अख्खी मेस हसली. त्यानंतर दोन वर्षं वर्गातल्या मुली त्याच्याभोवती जमायच्या. "विहंग, बोल ना नागपुरी. किती गोड वाटतं!" तो बोलायचा, त्या हसायच्या. परीक्षेत पहिला आला तेव्हाही एकजण म्हणाली, "आता हे नागपुरीत सांग ना."

"मंग तुमी काय केलं?" सोनिकानं विचारलं.

"बोलणंच बदललं," विहंग म्हणाला, आणि लगेच तिची टोपी सरळ करून दिली. "डावा कान वाकतोय तुझा."

सोनिकाला त्याची कीव आली आणि रागही आला. ज्याला चटका बसलाय तोच दुसऱ्याच्या हातावर निखारा ठेवतो आणि वर विचारतो, थंडी वाजत नाही ना?

अशात पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मारबत आली. नागपूरबाहेरच्या माणसाला हे प्रकरण समजावून द्यावं लागतं. पोळ्याच्या पाडव्याला लहान पोरं लाकडी बैल ओढत तान्हा पोळा साजरा करतात, आणि मोठी माणसं मारबतीच्या प्रचंड पुतळ्यांची मिरवणूक काढतात. सोबत गल्लोगल्लीचे बडगे असतात, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे. त्या वर्षी लोकांना ज्या गोष्टीचा वैताग आलेला असेल तिचा बडग्या करायचा, त्याच्यापुढे तिच्या नावाची पाटी लावायची, आणि गल्ली दणाणून सोडायची, 'महागाई घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!' शेवटी सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. ज्याच्यापुढे पाटी, ती पीडा. हे नागपुरात पाळण्यातल्या बाळालाही माहीत असतं. विसरायला पुण्यालाच जावं लागतं.

विहंगला एवढंच दिसलं, की मिरवणूक दुकानावरून जाते आणि माणसांचा समुद्र लोटतो. फुकटची जाहिरात! त्यानं दुकानापुढे एक उंच टेबल मांडलं, त्यावर गुलाबी कापड पसरलं आणि मिमीला उभं केलं. त्या दिवशी त्यानं हात सैल सोडला होता. चेहऱ्यावर पांढरा थर, गालांवर लाल टिकल्या, पाठीवर तिच्याहून रुंद बो, डोक्यावर सशाचे कान. "एकदम बाहुलीसारखी राहा. पापणीही हलवू नको," तो म्हणाला. आणि तिच्या पायांशी त्यानं हौसेनं रंगवून घेतलेली भलीमोठी पाटी टेकवली, 'कोरियन क्यूट फॅशन'.

सोनिकानं पाटी पाहिली. "विहंगभाऊ, आज हे पाटी..."

"श्शू! बोलायचं नाही ठरलंय ना? दसरा जवळ आलाय."

गादीचं नाव न घेता गादी दाखवली की माणूस गप्प बसतो. सोनिकानं पाय आत वळवले.

ढोल-ताशे आले. मारबती पुढे गेल्या आणि मागून बडगे यायला लागले. एका गल्लीच्या पोरांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडग्या केला होता, ढेरपोट्या, तोंडात डांबराचा डबा. ती पोरं दुकानापुढे थबकली. त्यांनी वर पाहिलं, पाटी वाचली, आणि एकानं टाळी दिली.

"क्यूट फॅशन..."

"घेऊन जा गे मारबत!" बाकीचे गरजले.

विहंगचा आनंद गगनात मावेना. त्यानं मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. "बाबा, या ना बाहेर! लोक आपलं नाव घेऊन ओरडतायत!" चंपतराव अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले, पाटी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अबे गाढवा! मारबतीच्या दिवशी पुतळ्यापुढं पाटी लावते का कोणी?"

पण आता कोण ऐकतंय? पोरं टेबलाला भिडली होती. "बडगी मस्त बनवली बे! डोळे पाह्य, एकदम असली." कोणीतरी मागून ओरडलं, "चायना माल घेऊन जा गे मारबत!" आणि ती आरोळी क्यूट फॅशनपेक्षा चांगली जमली. सगळा रस्ता ती घोकायला लागला. टेबलाचा एक पाय उचलला गेला. मिमी कलली. समोर विहंग मोबाइलमागून हातानं खुणावत होता, हलू नको, लाइव्ह आहे.

सोनिकाच्या डोळ्यांसमोर पांढरी चादर आली, लोड आला, हवेत उडणारं थान आलं. अजून थोडं गप्प बसलं तर ते सगळं मिळणार होतं. आणि खाली शेकडो तोंडं तिच्या बापाच्या चेहऱ्याला गावाबाहेर नेऊन जाळायला निघाली होती. हसत निघाली होती, कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"ठेवा खाली!" बाजारात चार ठेले पलीकडे पोचायचा तो आवाज बाहेर आला. "काहून गा, जिवंत माणूस दिसत नाही काय तुमाले? कायचा चायना माल? जरीपटक्याची आहो मी! तू बे, लाल गमछावाल्या, तुह्या मायनं माह्या मायच्या ठेल्यावरून गाऊन नेला असन, अन् तो गुंडाळून देणारी मीच होती!"

ढोल थांबले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. त्याला वाटलं, पुतळा बोलला. मग लाल गमछावाला तोंड वासून म्हणाला, "अबे, हे तं आपली पोरगी आहे!"

एका वाक्याआधी चायना, एका वाक्यानंतर आपली. नागपूर मोठ्या मनाचं शहर आहे; फक्त आधी ओळखपत्र म्हणून जीभ दाखवावी लागते.

पोरांनी टेबल सरळ ठेवलं आणि खजील होऊन निघू लागली. पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देणं सोनिकाच्या रक्तात नव्हतं.

"थांबा! आले आहा तं घेऊन जा." तिनं डोक्यावरचे सशाचे कान उपटले, पाठीवरचा बो ओढून काढला, आणि वाकून ते खड्ड्यांच्या बडग्याला चढवले. ढेरपोट्या बडग्या लगेच क्यूट दिसायला लागला. "हे मिमी आहे. हे बोलत नाही, चिडत नाही, गाल ओढला तरी हसते. हिले न्या. मिमीले..."

"घेऊन जा गे मारबत!" रस्ता दणाणला.

"चिंकीले..."

"घेऊन जा गे मारबत!"

"मोमोले..." इथं तिचा आवाज फाटला. पांढऱ्या थरावरून काळ्या काजळाचे ओघळ आले. ओरडणाऱ्यांत मोमो म्हणणारेही होतेच, आणि ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. तरी तिला आतून हलकं वाटलं. वर्षानुवर्षं छातीत अडकलेलं काहीतरी ढोलांमागून वाजतगाजत गावाबाहेर चाललं होतं. टेबलावरून उतरताना मात्र तिनं मनाशी म्हटलं, गादी गेली.

दुसऱ्या दिवशी ती हिशेब मागायला गेली, तर दुकानापुढे ही गर्दी! विहंगचं लाइव्ह अख्ख्या विदर्भानं पाहिलं होतं. "ते बोलणारी कोरियन कुठं आहे?" जो तो विचारत होता. विहंग धावतच आला. कालच्या फजितीचा त्याच्या तोंडावर मागमूस नव्हता.

"सोनिका, नवा कॉन्सेप्ट! वऱ्हाडी कोरियन! तू बोलायचं, खूप बोलायचं. 'काहून गा' तर प्रत्येक वाक्यात. नवे कान मागवलेत. लोक वेडे होतील, इतकं गोड वाटतं ना ते तुझ्या तोंडून..."

"गोड वाटते?" सोनिका म्हणाली. "पुण्यात तुमालेही तसंच म्हणत ना? बोल ना नागपुरी, किती गोड वाटतं."

विहंग मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहायला लागला. पाय आत वळले होते.

सोनिका चंपतरावांकडे वळली. "मालक, गर्दी माह्यासाठी आली आहे. गादीवर बसीन तं आज बसीन, दसऱ्याले नाही. अन् कान घालणार नाही. लागलेच तं विहंगभाऊ घालतीन."

चंपतरावांनी गर्दीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि मिशीवाल्या दोघांना म्हणाले, "सरका बे जरा."

गादीवर बसल्यावर पहिलं गिऱ्हाईक धरमपेठेच्या उच्चभ्रू वस्तीतल्या एक काकू. रेशमी साडी, मोत्यांच्या कुड्या, सोबत शोभाताई. सोनिकानं थान उचललं, झटका दिला, आणि कापड काकूंच्या मांडीवर अलगद जाऊन पडलं. "हात लावून पाहा वं काकू. धुवून धुवून तुमी थकसान, हे नाही थकणार."

काकूंनी कापडाला हात लावलाच नाही. त्या कौतुकानं सोनिकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. "अय्या, किती क्यूट मराठी बोलतेस गं तू! कुठे शिकलीस?"

चंपतरावांचा चहाचा कप हवेतच थांबला. पहिलं गिऱ्हाईक, भवानीची वेळ. आताच मिळालेली गादी हातची घालवायची नसेल तर बाही तोंडावर धरून हसण्यासारखं दुसरं उत्तर नव्हतं. सोनिकाच्या कुर्त्याला बाही होती ती कोपरापर्यंत.

"तुमचीही चांगली आहे वं काकू," ती म्हणाली. "तुमी कुठं शिकल्या?"

शोभाताई आधी हसल्या, मोठ्यांदा, तोंडाला पदर न लावता. काकू हसल्या नाहीत. त्यांचे गाल लाल झाले, अगदी मिमीसारखे. त्यांनी पर्स उचलली, परत ठेवली, आणि खाली कापडाकडे पाहत हळूच म्हणाल्या, "यात हिरवा आहे का?"

हसलेली बाई रिकाम्या पिशवीनं घरी जात नाही, हे मायाबाईंचं शास्त्र. ओशाळलेलीही जात नाही, एवढी भर लेकीनं त्यात घातली आणि हिरवं थान उलगडलं.